म्हातारीचं रेघांचं चित्र

ऐका हं, लहानथोर सगळेच! फार फार वर्षांपूर्वी एका राज्यात एक राजचितारी होता. हाताचा मोठा कसबी, पण डोक्यात हवा गेलेली. चित्रात बोटभर जागा कोरी राहिली तर तो राजाचा अपमान, असा नियम त्यानंच घालून दिला होता.

पाडव्याला राजवाड्यात प्रजेची चित्रं टांगत. एके वर्षी आदल्या दिवशी एक म्हातारी चित्र घेऊन आली. शिसपेन्सिलीच्या पाच-सहा रेघा. एक टेकडी, एक वाट, एक झाड. बाकी कागद कोराच.

"माझ्या मालकांनी काढलंय," ती म्हणाली. "आमचं गाव राजाच्या तलावाखाली गेलं. मागून मालकही गेले. उरलंय ते एवढंच. उद्या गावची सगळी माणसं बघायला येणार आहेत."

चिताऱ्याला हसू आवरेना. पण तिची कीवही आली बरं का! ती गेल्यावर त्यानं कुंचला उचलला. आभाळ निळं केलं, टेकडीवर मोर नाचवले, वाटेवर हत्ती चालवले, कडेनं सोनेरी वर्ख लावला. 'बिचारी खूश होईल,' म्हणत गडी निवांत घरी गेला.

पाडव्याला राजा नेमका त्याच चित्रापुढे थांबला. "वाहवा!" म्हणत त्यानं चिताऱ्याच्या खांद्यावर शाल घातली.

तेवढ्यात कुठं कुठं पांगलेली ती गावची माणसं आली. सगळी चित्रं दोनदा बघून झाली. "अगं, आपलं गाव कुठंय?" एकीनं विचारलं. म्हातारी सोनेरी वर्खापुढे येऊन थबकली.

"इथं मालकांनी पेन्सिल उचलली होती," हत्तीवर बोट ठेवून ती म्हणाली. "सकाळी धुक्यात वाट इथंच हरवायची. आणि हे मोर नाचतायत ना, तिथं आमची पेरणीआधीची मोकळी शेतं होती." मग चिताऱ्याची शाल बघून हळूच म्हणाली, "तुम्ही मेहनत घेतलीत, बाबा. पण गाव आधी पाण्यात गेलं, आता रंगात गेलं."

चिताऱ्याला ते चित्र तेव्हा पहिल्यांदा दिसलं, आणि आता ते नव्हतंच! शरमेनं त्याची मान वर होईना. अंगावरची शाल पोळायला लागली. ती काढून तो सगळ्यांदेखत म्हणाला, "महाराज, ही मला शोभत नाही. मी या बाईंचं चित्र नासवलं."

त्यानं रंग खरवडून पाहिला, तर कागद फाटला. मग तीच वाट पुन्हा काढायला बसला. शंभर कागद झाले. म्हातारी प्रत्येक कागद निरखून बघायची आणि म्हणायची, "नाही हो, ही दुसऱ्या कुठल्यातरी गावाची."

ती वाट त्याला मरेपर्यंत साधली नाही.

म्हणून सांगतो, मंडळी, दुसऱ्याच्या साधेपणात आपली भर घालण्याआधी तो साधेपणा डोळे भरून पाहायला शिकावं.