हळदीची ओवी

ऐका बाळांनो, आणि बाळांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्या माणसांनो, तुम्हीही ऐका. गोष्ट फार फार पूर्वीची आहे. इतकी जुनी की त्या राज्याचं नावही आता कोणाला आठवत नाही.

नदीच्या वळणावर एक गाव होतं. गाव खाऊनपिऊन सुखी. पण तिथली माणसं मूळची तिथली नव्हती. त्यांचे पूर्वज मोठ्या दुष्काळात आपलं गाव सोडून, पोरंबाळं काखोटीला मारून, पाण्याच्या शोधात चालत आले होते. सगळेच काही पोचले नाहीत. तिघं वाटेतच राहिली. निघताना पुढच्यांनी त्यांना वचन दिलं होतं, ‘आमच्या घरात लग्न निघालं की जात्यावर आधी तुमचं नाव घेऊ. नाव ऐकू आलं की समजा, आम्ही पोचलो, सुखात आहोत.’

तेव्हापासून त्या गावात लग्नाची हळद दळायला बसलं की पहिल्यांदा वाटेची ओवी म्हणत. एकेका नावाला हळकुंडांची एकेक मूठ जात्यात पडे. बाया रडत, मग डोळे पुसून हसत आणि मग नवरीला हळद लागे. दुःखाचं गाणं खरं, पण गावात ते आवडत नाही असं माणूस नव्हतं.

एक सोडून. ती म्हणजे गावची पाटलीण.

तिची एकुलती एक लेक राजधानीतल्या बड्या घरी पडणार होती. व्याही म्हणजे राजाचे कारभारी. त्यांचं वऱ्हाड आलं तेच मेण्यापालख्यांतून. वराची आजी तर अशी सोन्यानं मढलेली, की तिला उठवायला दोघी लागत. पाटलिणीचे डोळे दिपले. हळदीच्या दिवशी गावातली सगळ्यात म्हातारी गाणारीण जात्याशी बसली, तशी पाटलीण तिच्यापाशी गेली आणि हळूच म्हणाली,

“आत्याबाई, आज तेवढी ती ओवी राहू द्या.”

“कोणती ओवी?”

“तीच. आपण उपाशीतापाशी, अनवाणी आलो, हे व्याह्यांपुढं कशाला उगाळायचं? माझ्या लेकीला जन्मभर टोमणे ऐकावे लागतील.”

म्हातारीचा हात खुंट्यावरच थांबला. “पाटलीणबाई, ती माणसं वाट बघत बसलीत. नाव ऐकू आलं नाही तर उठून येतील. आणि त्यांचा हात धरून वेशीबाहेर गेलेलं माणूस माघारी येत नाही.”

“लग्नघरात असलं अभद्र बोलू नका!” पाटलीण फणकारली. तिनं राजधानीहून आणलेल्या गाणारणी जात्याशी बसवल्या. म्हातारीनं पदर खोचला आणि मुकाट्यानं लेकीच्या गावाची वाट धरली.

नवी गाणी झक्क होती. त्यांत मोर होते, महाल होते, झुले होते. फक्त जातं काही केल्या हलकं फिरेना. हळद दळून निघाली ती पिवळीधमक, पण पाटलिणीनं चिमूट नाकाशी नेली तर वास आला तापलेल्या मातीचा. तिनं चिमूट झटकली आणि कोणाला काही सांगितलं नाही. नवरीला हळद लागली. सनई वाजू लागली.

दुपार टळटळीत झाली. पंगती बसल्या. वेशीकडची कुत्री न भुंकता शेपट्या पायांत घालून मांडवात शिरली. मग एक वाढपी पाटलिणीजवळ आला.

“बाईसाहेब, शेवटच्या पानांवर बसलेत ते कोण? वाढलेलं तसंच आहे. घास उचलत नाहीत, नुसते बघतात.”

पाटलीण गेली. मांडवाच्या टोकाला तिघं बसली होती. एक म्हातारा, एक बाई आणि चार-पाच वर्षांची एक पोर. अंगावर धूळ, ओठ फुटलेले. पोरीच्या अंगावर लुगड्याचा फाडलेला पदर होता. भर उन्हात तिघांपैकी एकाचीही सावली पडली नव्हती.

म्हातारा अगदी मायेनं बोलला. “रागावू नको, बाई. सनई ऐकू आली, पण आमची नावं काही आली नाहीत. म्हटलं, आपली माणसं मेली की काय आणि दुसरंच कोणी गावात राहतंय. म्हणून बघायला आलो.”

तेवढ्यात ती पोर उठली. हळदीच्या पाटावर बसलेल्या नवरीपाशी गेली, तिचा हात धरला आणि म्हणाली, “मला तहान लागलीय. माझी आई कुठंय? तू चल ना.”

नवरी उठली. तिची नजर रिकामी झाली होती. ती पोरीचा हात धरून चालू लागली. नवरीचा बाप आडवा गेला, तर त्याच्या अंगाला वाऱ्याचा झोत लागावा तशी दोघी निघून गेल्या. मागोमाग म्हातारा आणि ती बाईही. कधी अनवाणी न चाललेल्या नवरीच्या टाचांना चालता चालता भेगा पडत गेल्या.

आता पाटलीण धावली. सोनंनाणं, मानपान, सगळं मांडवात राहिलं. धावता धावताच तिनं मोठ्यानं ओवी धरली. लहानपणी ऐकलेलं कुठूनसं वर आलं:

“लिंबाच्या बुडाशी बसला राणोजी म्हातारा,
म्हणे, पुढं व्हा लेकरांनो, पाठीशी माझा वारा.”

म्हातारा थांबला. “पोचलात म्हणायचं,” असं पुटपुटला आणि होता तिथं नाहीसा झाला.

“आटली गं विहीर, घागर राहिली पालथी,
भागू कुंभारीण बसली, वाट आमची चालती.”

ती बाईही डोळे मिटून विरून गेली. उरली पोर. आणि पाटलिणीचं गाणं अडलं. शेवटची ओवी तिला येतच नव्हती! तिथवर गाणं आलं की बाया हमसून रडायच्या, आणि लहानपणी ती दर वेळी वैतागून अंगणात पळायची. पोरीचं नाव तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

वेस चार हातांवर आली. पाटलीण मातीत कोसळली. “अगं पोरी, नाव तरी सांग तुझं!”

“मला माझं नाव माहीत नाही,” पोर म्हणाली. “तुम्ही घेत होता ना?”

तेव्हा मागून एक कापरा आवाज आला:

“डोंगराच्या पायथ्याला येसू निजली सानुली,
फाटक्या पदराची तिच्या अंगावर सावली.”

पाटलिणीनं वळून पाहिलं. वराची सोन्यानं मढलेली आजी, कोणाचा आधार न घेता, अनवाणी, वाटेच्या धुळीत उभी होती आणि रडत होती.

येसूनं नवरीचा हात सोडला. “हो, येसू,” ती म्हणाली, आणि मग तिथं फक्त ऊन उरलं.

“तुम्हाला कशी येते ही ओवी?” पाटलिणीनं विचारलं.

“आम्हीही त्याच वाटेनं आलो, बाई. आमचे पूर्वज पुढं राजधानीत गेले, एवढंच. घरात म्हणतो आम्ही ही, पण दारं लावून. लोक काय म्हणतील म्हणून.” आजीनं डोळे पुसले. “तुम्ही म्हणाल, या आशेनं मी सकाळपासून कान लावून बसले होते.”

पाटलीण स्वतः जाऊन गाणाऱ्या म्हातारीच्या पाया पडून तिला परत घेऊन आली. हळद पुन्हा दळली गेली, दारं सताड उघडी ठेवून, तिन्ही नावांसकट. या वेळी जातं हलकं फिरलं आणि दोन्हीकडच्या बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

लेक सुखानं नांदली. पण येसूनं धरलेल्या हातावर चार इवल्या बोटांचे मातकट वण राहिले ते राहिलेच. कितीही हळद लावली तरी तेवढ्या जागेला ती कधी चढली नाही.

तात्पर्य : ज्यांच्या हालांवर आपलं सुख उभं आहे, त्यांचं गाणं म्हणायला कधी लाजू नये.