भिवराच्या मडक्यातला वाघ

एक होतं रान. त्या रानात उरली होती एकच वाघीण. बाकीचे वाघ राजानं मारले, कातडी अंथरून त्यावर जेवला. मेल्याला भूक कसली होती, देव जाणे!

वाघ मारायचा कसा? तर गावात भिवरा कुंभारीण होती. मडक्यात तोंड घालून ती वाघाची हाक काढायची, अगदी हुबेहूब. वाघ यायचा जोडीदार शोधत, आणि राजा मचाणावरून बार काढायचा.

मग राजा म्हणाला, "भिवरे, शेवटची राहिली. बोलाव तिला."

पहिल्या दिवशी, दिवस कलताना, भिवरानं हाक दिली. सात डोंगरांपलीकडून ओ आली. वाघीण काही दिसली नाही. पण ऐन चैत्रात, वाळल्या रानात, नव्या तांदळाच्या भाताचा वास सुटला.

"कोण गं रांधतंय?" राजानं विचारलं.

"कोणी नाही, महाराज. वाघीण झाडावर मुतून खूण ठेवते, तिचा वास असाच येतो. ती जोडीदाराला पत्ता सांगतेय."

दुसऱ्या दिवशी हाक दिली. मग गवतात दोन पांढरे डोळे दिसले. मिटत नव्हते, हलत नव्हते. राजानं घाईनं चाप ओढला, बार गेला झाडात. आणि डोळे कसले ते! वाघाच्या कानामागं पांढरे ठिपके असतात, बरं का. वाघीण पाठ करून बसली होती. जोडीदार येईल त्या वाटेकडे तोंड करून.

भिवरानं मडकं खाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "वाट बघणारीला मी फसवणार नाही. आजवर फसवले तेवढे पुरे."

राजानं काय करावं? तिच्या नवऱ्याला, पैकूला, मचाणाखाली खुंटाला बांधलं. वाघाला आमिष म्हणून रेडकू बांधतात तसं!

"आता बोलावशील की नाही?"

"नाही. हे घ्या मडकं, तुम्हीच बोलवा. पण ऐका. दोनच हाका द्यायच्या. तिसरीला माणसाचा आवाज माणसाकडे राहत नाही."

"कुंभारणीनं राजाला शिकवायचं?"

भिवरा शेजारच्या झाडावर चढली, राजानं मडक्यात तोंड घातलं. पहिली हाक दिली. पाखरं गप्प झाली. दुसरी दिली. वारा पडला. मग तिसरी दिली.

ओ आली ती मचाणाच्या अगदी खालून.

राजा थांबायला गेला, तर हाक थांबेना. घशातून येतच राहिली, जाड, खोल, फळ्या थरथरवणारी. डोकं मडक्यातून निघेना. मग मडकं फुटलं. मचाणावर पागोटं पडलं होतं, जोडे पडले होते, आणि खाली धप्पकन काहीतरी उतरलं. चार पायांवर.

पैकू बांधलेला, उकिडवा बसलेला. तो नवा वाघ वळला, त्याच्याकडं आला. गरम श्वास मानेवर लागला.

"अहो, उभे राहा!" भिवरा झाडावरून ओरडली. "बसलेला माणूस त्याला जनावर वाटतो! उभे राहा म्हणते ना!"

"पाय कुठं आहेत माझे!" पैकू रडकुंडीला आला.

"खालीच आहेत! उठा!"

उठला बिचारा, खुंटाला धरून. वाघानं त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मग वाघीण आली, वाघाच्या अंगाला अंग घासलं, आणि दोघं गवतात शिरली. पातंसुद्धा हललं नाही.

साडेतीन महिन्यांनी कपारीत तीन बछडे झाले, मिटल्या डोळ्यांचे. आईनं एकेकाला तोंडात धरून तीनदा जागा बदलली. दोन वर्षं शिकार शिकवली. शेतात चरायला येणारी हरणं वाघांच्या धाकानं पुन्हा रानात राहायला लागली, शेतं वाचली, पैकू-भिवराच्या घरी कणग्या भरल्या.

राणी म्हणता? रडली थोडी. मग राज्य तिनं चालवलं, आणि त्याच्यापेक्षा बरं चालवलं.

सगळे सुखी झाले. आता झोपा. पाय पांघरुणात घ्या. तो आवाज? कुत्रा असेल. डोळे मिटा म्हणते ना.