उ. डो.

डॉ. अष्टपुत्र्यांनी चंद्राबाई लोहारांच्या चिठ्ठीवर डोळ्यात घालायच्या थेंबांपुढे फक्त ‘ओडी’ लिहिलं. दवाखान्यातल्या फार्मसिस्ट रेवती खरातने ते, गोळ्यांपुढे लिहितात तसं, ‘दिवसातून एकदा’ असं वाचलं आणि बाटलीवर तसंच लिहून दिलं. थेंब दर तासाला घालायचे होते. चंद्राबाईंचा उजवा डोळा गेला.

चौकशी समिती बसली. रेवतीची नोकरी जाणार हे दिसतच होतं.

“ओडी म्हणजे ऑक्युलस डेक्स्टर, उजवा डोळा. लॅटिन आहे ते,” डॉक्टर म्हणाले. “शिकलेल्या माणसाला एवढं कळायला हवं. किती वेळा घालायचे ते मी बाईंना तोंडी सांगितलं होतं.”

रेवतीने एका कागदावर दोन अक्षरं लिहून तो पुढे सरकवला. “सर, एवढं वाचता?”

“उ. डो.” डॉक्टर थबकले. “उद्या... डोस?”

“उजवा डोळा, सर. मायबोली तुम्हाला दोन अक्षरांत कळली नाही, मग तुमची लॅटिन मला कशी कळावी?”

समितीतलं कुणीतरी हसलं. डॉक्टरांनी मान खाली घातली. यापुढे चिठ्ठीवर सगळं मराठीत, पूर्ण शब्दांत लिहायचं ठरलं. एवढं ठरवायला एक डोळा जावा लागला. रेवतीची नोकरी मात्र वाचली.

ती बाहेर आली तर बाकावर चंद्राबाई बसलेल्या, हातात तीच बाटली.

“पोरी, आता तरी नीट सांग. किती वेळा घालू?”

हाच प्रश्न रेवतीने त्या दिवशी डॉक्टरांना विचारायला हवा होता.