बारीक अक्षरांतलं कलम

आरोग्यविम्याच्या वार्षिक नूतनीकरणासाठी ज्येष्ठ नागरिक संघात सगळे जमले होते. यंदा नियम बदलल्याचं कळताच कुजबुज झाली, तसा कंपनीचा साहेब गुरकावला, "सगळं छापलंय. वाचा आणि सह्या करा!"

दमयंतीबाईंची हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी कागद साहेबापुढे धरला. "माझ्या मोतीबिंदूचं काय लिहिलंय, तेवढं वाचून दाखवा."

साहेबाने चष्मा पुसला, कागद खिडकीशी नेला आणि अडखळत वाचलं, "मोतीबिंदूचा खर्च यापुढे मिळणार नाही."

बाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे हे वाचायला आधी मोतीबिंदू काढायला हवा, आणि तो काढायला तुम्ही पैसे देणार नाही. मग 'न वाचता सही करा' एवढं तरी मोठ्या अक्षरांत छापायचं!"

सभागृहातली पेनं एकेक करून खिशात परत गेली.