गेलेलं कार्ड

"चाचा, आता तरी सांगा. मी माझं दुकान कधी टाकू?"

कासमचाचा नुसते गालात हसले. येवल्यात त्यांनी जन्मभर आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर दुरुस्त केले. कितीतरी पोरं हाताखालून गेली. त्यांत सगळ्यांत हुशार ही शलाका. आणि ते तिला चांगलंच ठाऊक होतं, हीच तर पंचाईत!

तेवढ्यात रत्नाकाकू रिक्षातून कॉम्प्युटर घेऊन उतरल्या. पैठणीच्या पदराची नक्षी त्या त्याच्यावरच काढायच्या. शलाकानेच तो जोडून दिला होता.

"अगं, आधी सगळं नीट दिसतं. मग रंगीत रेघा, मग मिट्ट काळोख! संध्याकाळपर्यंत नक्षी मागावर गेली नाही तर नवरीची पैठणी दुसऱ्याकडे जाईल गं..."

शलाकाने बाह्या सारल्या. केबल बदलली. दुसरा मॉनिटर लावला. सॉफ्टवेअर नव्याने टाकलं. प्रत्येक वेळी पदरावरचे पोपट दिसायचे, रेघांत बुडायचे आणि पडदा काळा व्हायचा.

"ग्राफिक्स कार्ड गेलं," ती तोऱ्यात म्हणाली. "पडद्यावर चित्र तेच पाठवतं. नवं नाशिकहून येईल. उद्या."

उद्या! रत्नाकाकू मटकन खाली बसल्या.

चाचांनी बशीतला चहा फुंकला.

"आत उघडून पाहिलंस?"

"मीच जोडलाय तो. आत काय बघायचं?"

"हं... मग गेलं म्हणतेस. आणि दर वेळी सुरुवातीला उठून बसतं, ते कोण?"

शलाकाने काळ्या पडद्याकडे पाहिलं.

चाचांनी कोपऱ्यातला ताडाचा पंखा उचलला, तिच्या मांडीवर ठेवला आणि ते पुन्हा चहा प्यायला लागले.

"हे काय चाचा? मला कुठे उकडतंय..."

वाक्य अर्ध्यावरच राहिलं. तिने कॅबिनेटला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तव्यासारखं तापलं होतं! सुरुवातीला थंड, म्हणून चित्र चांगलं. तापलं की रेघा. आणखी तापलं की काळोख. अगं बाई, इतकं साधं!

तिने वीज बंद केली, स्क्रू काढले, झाकण उघडलं. कार्डावरचा छोटा पंखा जाम होता. त्याच्या आसाभोवती काहीतरी वाळून घट्ट गुंडाळलं होतं. तिने चिमट्याने ओढून काढलं.

झेंडूच्या पाकळ्या.

जोडलेला प्रत्येक कॉम्प्युटर ती हळदकुंकू लावून, वर झेंडूचं फूल वाहून घरी पाठवायची. त्याचं तिला कोण कौतुक! वरच्या जाळीतून पाकळ्या आत पडल्या होत्या.

रत्नाकाकूंची तिच्याकडे पाठ होती. शलाकाची मूठ आपोआप मिटली.

चाचा चहा पीत होते. बघत नव्हते... की बघत होते?

तिने ब्रशने पंखा साफ केला, बोटाने फिरवला. भिरभिर फिरला. झाकण लावलं, बटण दाबलं.

पोपट उमटले. लाल चोची, हिरवे पंख. काकूंनी श्वास रोखून अख्खा पदर उघडला. आधी हमखास इथेच काळोख व्हायचा. आता मात्र एक रेघ नाही! वाट बघितली, आणखी वाट बघितली... पोपट आपले जागच्या जागी.

"जिंकलीस गं पोरी!" काकूंनी तिला मिठीच मारली. "अशी हुशार पोरगी साऱ्या येवल्यात नाही! काय झालं होतं त्याला?"

काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं.

तिने मूठ उघडली.

"माझं फूल, काकू. मी वाहिलेलं. तुमचं नुकसान मीच करणार होते."

काकूंनी पाकळ्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि खो खो हसत सुटल्या. "अगं, देवाला वाहायचं ते ग्राफिक्स कार्डाला वाहिलंस होय!" हसता हसताच त्यांनी डोळे पुसले आणि नक्षी छापायला घेतली.

रिक्षा काकूंना आणि कॉम्प्युटरला घेऊन गेली. शलाका चाचांसमोर मान खाली घालून उभी राहिली.

"चाचा, दुकानाचं राहू द्या. मला अजून काही येत नाही. आणखी शिकते तुमच्याकडे."

चाचांनी कपबशी बाजूला ठेवली. त्यांचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता.

"आजच बोर्ड रंगवायला टाक," ते म्हणाले. "आणि नाव चांगलं मोठं लिहायला सांग."