पुंडरीक हत्तीचे भय

शोणपुरात अरिंदम राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व गजवैद्याच्या कुळात जन्मला आणि मोठा होऊन राजाच्या हत्तींची शुश्रूषा करू लागला.

राजाचा मानाचा हत्ती पुंडरीक स्वभावाने शांत होता. पण एकदा डोंगरातले काळेसावळे शबर मध विकायला आले, तेव्हा त्यांना पाहताच तो बिथरला आणि त्याने एका म्हाताऱ्याला सोंडेने भिरकावले. म्हाताऱ्याचा खांदा निखळला. लोक म्हणू लागले, "मुक्या जनावराला पापी माणूस ओळखू येतो." राजालाही ते पटले. शबरांना कायमची नगरबंदी करण्याचे त्याने ठरवले.

हे ऐकून पुंडरीकचा जुना माहूत सोमिल जेवण सोडून हत्तीपाशीच बसून राहिला.

हत्तीच्या कानामागचे जुने व्रण चाचपीत बोधिसत्त्वाने विचारले, "सोमिलबाबा, हे कशाचे?"

सोमिल खाली बघत म्हणाला, "वैद्यराज, हे माझेच पाप. थोरल्या राजांच्या वेळी शबरांशी लढाई होती. आमचीच माणसे अंगाला काजळी फासून शबर बनून यायची नि या पिलाला भाल्याने टोचायची. मग मी जाऊन ऊस भरवायचो. तीन महिन्यांत तो शबरांवर चालून जायला शिकला."

"आणि तुम्ही?"

सोमिल गडबडला. "मला कुणी टोचले नाही. शबर दिसला की आई दार लावून मला पोटाशी धरायची, एवढेच. पण अजून माझा हात अंकुशाकडे जातो."

"मग औषध दोघांनाही एकच."

दुसऱ्या दिवशी सोमिलने राजाला सगळे सांगितले. आपल्या पित्याचे नाव निघताच राजाची मान खाली गेली. शबराच्याच हातून ऊस चारून हत्तीचे भय घालवण्यासाठी त्याने बोधिसत्त्वाला दोन महिन्यांची मुदत दिली.

म्हाताऱ्याची मुलगी कुवली मात्र संतापली. "बापाचा खांदा तुम्ही मोडलात, नि तुमच्या हत्तीला ऊस मी चारू?"

"नाही म्हणालीस तरी राग नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "खांदा मी बसवणारच आहे."

त्याने खांदा बसवला आणि रोज जाऊन तो म्हाताऱ्याला शेक देई. चौथ्या दिवशी कुवली आपण होऊन हत्तीशाळेत आली. ती लांब उभी राही; सोमिल तिच्या हातचा ऊस घेऊन पुंडरीकला देई. हत्ती कान ताठ करी, तेव्हा ती थांबे. तो निवला, की एक पाऊल पुढे येई. सुरुवातीला सोमिल तिच्याकडे न बघताच हात पुढे करी. एके दिवशी "बापाला झोप लागते का आता?" असे तो विचारून गेला, आणि आपण तिच्या तोंडाकडे बघतो आहोत हे त्याच्या ध्यानात आले.

चाळिसाव्या दिवशी पुंडरीकने कुवलीच्या हातून ऊस घेतला आणि सोंडेने तिचे केस हुंगले. सोमिल तिथेच रडू लागला. राजाने बंदीचा विचार सोडला आणि पिलांना टोचून शिकवण्याची रीतही मोडली.

आपल्या पूर्वजन्मीची ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, परमुलखातल्या भिक्षूशेजारी बसायला आज जो बिचकला, तोच तेव्हा सोमिल होता. त्याला हसू नका. तो एकदा शिकला आहे, पुन्हा शिकेल. ज्याच्याजवळ तो बसेना, तो भिक्षू कुवली होता. गजवैद्य मी होतो. त्या जन्मी मी जिची साधना केली, ती मैत्री पारमिता, सर्वांविषयीच्या स्नेहाची पूर्णता."