चिमूटभर क्षार

"काशीनाथ असा कसा बदलला, महाराज?"

विश्वंभरने गुरूंना विचारलं. उद्या त्याला नदीपलीकडच्या श्रीमंत मठात महंत म्हणून जायचं होतं. त्या गादीवर आधी त्याचाच गुरुबंधू बसला होता, मुंगीलाही न दुखवणारा काशीनाथ. वर्ष सरायच्या आत त्याने दारातल्या भुकेल्या म्हातारीवर कुत्री सोडली.

"कच्चा होता बिचारा," विश्वंभर स्वतःच उत्तर देऊन मोकळा झाला. "माझा रंग पक्का आहे."

त्याने छाती फुगवली.

त्याचे गुरू चिन्मयस्वामी संन्यास घेण्याआधी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. त्यांनी फडताळातून एक बाटली काढली. आत ॲसिटोन नावाच्या द्रावात विरघळलेलं रंगद्रव्य होतं, हिरवंगार. त्यांनी पांढऱ्या क्षाराची चिमूट टाकली आणि बाटली हलवली.

क्षार विरघळला... हिरवा रंग निळा झाला.

"रंग बिघडला?"

"नाही, रंगद्रव्य तेच आहे."

"मग क्षाराचा निळेपणा उतरला?"

"क्षाराला रंगच नाही, विश्वंभरा. तो नुसता भोवती असतो. शोध बरं, कुठे आहे?"

विश्वंभरने बाटली उजेडात धरली. काहीच दिसेना. त्याने बाटली खाली ठेवली.

"त्या मठात हा क्षार कोणता, तेवढं सांगा. मी त्याला शिवणारही नाही."

काठी बाजूला ठेवून स्वामी वाकले आणि त्यांनी शिष्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"महाराज! हे काय करताय?" तो चटका बसल्यासारखा मागे सरला.

"महंताच्या पाया पडायची रीत आहे. उभा राहा."

ते पुन्हा वाकले. तो अवघडून उभा राहिला.

ते पुन्हा वाकले... पुन्हा...

स्वामींचे म्हातारे गुडघे कुरकुरत होते. पहिल्यांदा त्याला ते ऐकू आलं होतं, आता येईनासं झालं.

मग त्याची नजर स्वतःच्या हातावर गेली. तो आपोआप वर उठला होता, गुरूच्या डोक्यावर, आशीर्वाद द्यायला.

विश्वंभरला दरदरून घाम फुटला.

"मी... मी नाही उचलला तो. मला भीती वाटते, महाराज. मला नका पाठवू!"

स्वामी काठीच्या आधाराने उठले.

"घाबरलास ना? मग आता जायला हरकत नाही. हे नमस्कार म्हणजे नुसती चिमूट होती... तिथे पोती आहेत."